सँडर घेताना वॅट नका विचारू, ऑर्बिट विचारा

"दादा, किती वॅटचा सँडर घेऊ?" मागच्या व्हिडिओखाली हा एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की टाइप करून करून बोटं दुखली. म्हणून आज बोलूनच टाकतो. सँडर म्हणजे पॉलिश पेपर लावून लाकूड घासायचं मशीन.

आधी भराभर उरकतो. बेल्ट सँडर हे माल काढायचं मशीन, फिनिशिंगला त्याचं नावही काढू नका. हे छोटं चौकोनी, ज्याला पॉलिश पेपरचा पाव तुकडा लागतो, ते नुसतं थरथरतं, त्याचा पॅड गरगर फिरत नाही. काम हळू, पण आतल्या काटकोनात पार टोकापर्यंत जातं. इस्त्रीच्या नाकासारखं तिकोनी असतं ते फक्त कोपऱ्यांसाठी. आणि हे गोल, रँडम ऑर्बिटल. एकच मशीन घ्यायचं असेल तर हे घ्या, १२५ मिमी पॅडचं, स्पीड कमीजास्त करता येणारं. पेपर ८०, १२०, १८०, २२०, नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला.

हां, एकाने विचारलंय, "ग्राइंडरला डिस्क लावली तर नाही का चालणार?" चालेल की. लाकडाला खळगे पाडायचे असतील तर मस्त चालेल.

आता वॅट. हातातल्या सँडरला तीनशेच्या आसपास वॅट भरपूर झाले, कारण यावर जोर द्यायचाच नसतो. पॅडखाली बेअरिंग आहे, ते मोटरच्या मधोमध बसवलेलं नाही, जरा बाजूला आहे. त्यामुळे पॅड एकीकडे बारीक वर्तुळात डुलतो आणि दुसरीकडे स्वतःभोवती मोकळा फिरतो. या दोन्ही हालचाली एकत्र झाल्या म्हणून ओरखडे एकाच जागी परत परत पडत नाहीत. तुम्ही वरून दाबलंत की फिरणं थांबतं, नुसतं डुलणं उरतं, आणि पॉलिश मारल्यावर डुकराच्या शेपटासारखी वेटोळी दिसायला लागतात. मग कमेंट येते, "दादा, पेपर खराब निघाला." पेपर नाही रे बाबा, तुझा खांदा.

त्या डुलण्याचं माप म्हणजे ऑर्बिट. डब्यावर किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं: २.५ मिमी, ३ मिमी, ५ मिमी. पाचवालं भराभर कापतं, ओरखडाही मोठा ठेवतं. फिनिशिंग आणि कडा हेच तुमचं काम असेल तर अडीच-तीनवालं घ्या. दुसरं, मशीन बुटकं बघा. उंच मशीन हातात डोलतं आणि कडेवर आलं की कलंडतं.

आणि आता कड. माझा खरा राग इथे आहे.

सुरुवातीच्या काळात मी विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, लावलेलं एक टेबलटॉप घासत होतो. मधला भाग आरशासारखा झाला. कडेला जरा डाग दिसला म्हणून मशीन किंचित, अगदी किंचित तिरकं केलं. दोन सेकंद. खालचा प्लाय दात काढून हसला माझ्याकडे. विनियर असतं साधारण अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून पातळ. ८० नंबरच्या पेपरचा एकेक दाणाच सरासरी ०.२ मिमी असतो. हिशोब तुम्हीच करा. त्या टेबलाला पुढे चारी बाजूंनी पट्टी ठोकावी लागली आणि "डिझाइनच तसं आहे" असं तोंड वर करून सांगावं लागलं.

तिरकं का करायचं नाही? पॅड सपाट असतो तेव्हा मशीनचं वजन पूर्ण गोलावर वाटलं जातं. तिरका झाला की तेच वजन बोटभर जागेवर येतं. मोटर तीच, पेपर तोच, पण तिथे लाकूड कितीतरी पट वेगाने जातं.

"पण दादा, मी तिरकं करतच नाही, तरी कड गोल होते." होणारच, कारण पॅड अर्ध्याहून जास्त बाहेर नेताय. मशीनचा मध्य लाकडाबाहेर गेला की ते स्वतःच झुकतं, तुम्हाला कळतही नाही. पॅडचा दोन तृतीयांश भाग कायम लाकडावर, बाहेर फार तर एक तृतीयांश.

तिसरं, तेही करून कड मऊ पडत असेल तर पॅड तपासा. मऊ फोमचा पॅड कडेवरून खाली वाकतो आणि कोपरा चाटून नेतो. गोलाईच्या कामाला तो चांगला, धारदार कडेला कडक पॅड लावा. मी तर जुन्या फळीचा त्याच जाडीचा तुकडा कडेला लावून क्लॅम्प करतो आणि दोन्हीवरून सरळ मशीन फिरवतो. झिजायची ती त्या तुकड्याची कड झिजते.

फळीची जाडी घासायची असेल, १८ मिमीची वगैरे, तर त्यावर १२५ चा पॅड तोलत बसू नका. सारख्या चार-पाच फळ्या एकत्र आवळा, झाला रुंद पृष्ठभाग. एकच फळी असेल तर ठोकळ्याला पेपर गुंडाळून हाताने घासा, पाच मिनिटांचं काम आहे. आडव्या कापाचं टोक, म्हणजे लाकडाचे रेषे आडवे कापले गेलेत ती बाजू असेल, तिथे पेपर एक पायरी बारीक घ्या, नाहीतर ते रंग जास्त पितं आणि काळपट दिसतं.

भुशाची पिशवी काढून मशीन चालवणाऱ्यांनो, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून नोंदवलीये. व्हॅक्यूम जोडा, मास्क लावा. शिवाय भुसा खाली अडकला की पेपर लवकर भरतो.

आता दाखवतो. फळीवर पेन्सिलने अशा तिरक्या रेघा मारायच्या, कडेपर्यंत. मशीन आधी टेकवायचं, मग बटण. सेकंदाला एक इंच, एवढंच सरकवायचं. रेघा सगळीकडून सारख्या फिक्या व्हायला हव्यात. मधल्या शिल्लक आणि कडेच्या गायब, म्हणजे मशीन झुकलं.

ही बघा माझी. मध्ये फिकी, उजवीकडे फिकी, आणि डावीकडे... पार गेलीये. बोलताना कॅमेऱ्याकडे बघत होतो ना, तेवढ्यात.