खुनी कोण ते आधीच कळलं तर

नमस्कार मंडळी. मला पाऊण तास दिलाय आणि विषय आहे पट्टीच्या वाचकांसाठी रहस्यकथा. आता पट्टीच्या वाचकाला कुणी काय सांगायचं, तो दुसऱ्याच प्रकरणात 'हा माळी मला काही बरोबर वाटत नाही' म्हणून मोकळा होतो. त्यामुळे मी यादी नाही आणलेली, एक चाळणी आणलीय, आणि ती कुठून आली ते आधी सांगते.

कॉलेजात असताना मी एका वाचनालयातून अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आणलं. डोंबिवलीहून लोकल पकडली, चौथी सीट मिळाली म्हणजे अर्धं बूड हवेत, पुस्तक उघडलं तर सुरुवातीच्याच पानावर एका नावाभोवती पेन्सिलीने गोल आणि समासात बाण काढून लिहिलेलं, 'खुनी'. असा संताप आला ना! पण व्हीटीपर्यंत करायचं काय, दुसरं पुस्तक नाही, मोबाईल तेव्हा नव्हते, म्हणून वाचत राहिले. आणि दादरपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला जास्तच मजा येतेय. कारण आता मी खुन्याला नाही, लिहिणाऱ्या अगाथाबाईला पकडायला बघत होते. ती कुठे फसवते? तर गंमत अशी की ती खोटं बोलतच नाही. वाक्य अगदी खरं असतं, आपणच ते भलत्या खणात नेऊन ठेवतो. एक वाक्य तर इतकं साळसूद आहे की मी ते तीनदा वाचलं आणि गाडीत एकटीच हसले. कुठलं ते नाही सांगणार. 1926 साली पुस्तक आलं तेव्हा काही लोक चिडले होते, ही चीटिंग आहे म्हणून, आणि 2013 साली ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या लेखकांनी आजवरची सर्वोत्तम क्राइम कादंबरी म्हणून त्यालाच मतं दिली.

तर चाळणी हीच. शेवट माहीत असताना परत वाचवतंय का?

या चाळणीतून बरंच गळतं बरं का. आपले बाबूराव अर्नाळकर, हजाराहून जास्त रहस्यकथा, झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक, माझे वडील तर जेवताना ताटाशेजारी घेऊन बसायचे आणि आईची बोलणी खायचे. वाचनाची चटक त्यांनीच लावली, ते ऋण आहेच. पण आज परत वाचायला घेतलं तर मी वीस पानांवर थांबते, खोटं कशाला बोलू. धावत्या गाडीसारखी ती पुस्तकं, एकदा गेली की गेली.

गाडीवरून आठवलं, आणि हे मला सगळ्यात आवडतं म्हणून जरा वेळ घेणार आहे. सेइचो मात्सुमोतो यांची जपानी कादंबरी, मूळ नावाचा अर्थ 'बिंदू आणि रेषा', इंग्रजीत आता 'टोकियो एक्सप्रेस' नावाने मिळते. 1957 साली एका प्रवासाच्या मासिकात ही क्रमशः यायला लागली. क्यूशू बेटावर काशिईच्या समुद्रकिनारी एक पुरुष आणि एक बाई मेलेले सापडतात, सायनाइड, शेजारी ज्यूसची बाटली. सगळे म्हणतात प्रेमप्रकरण, दोघांनी मिळून जीव दिला, फाइल बंद. तोरिगाई नावाचा एक वयस्क, कोट झिजलेला पोलीस मात्र मृताच्या खिशातली एक पावती बघत बसतो. रेल्वेच्या डायनिंग कारची पावती आहे आणि तिच्यावर लिहिलंय, एक व्यक्ती. बस्स, एवढंच. दोघं जर एकत्र मरायला निघाली होती, तर जेवायला एकटाच कसा गेला? घरी येऊन तो आपल्या मुलीला विचारतो, तुझा तो म्हणाला चल जेवायला आणि तुला भूक नसली तर तू काय करशील? ती म्हणते, जाईन की, नुसती कॉफी घेईन. आता सांगा, तपास असा स्वयंपाकघरात होतो की नाही?

आणि मग ते टाइमटेबल. टोकियो स्टेशनवर तेरा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून पंधरा नंबरवरची गाडी दिसते, पण मधल्या रुळांवर सारखी काही ना काही गाडी उभी असते, त्यामुळे दिवसभरात फक्त चार मिनिटं दिसते, आणि नेमकं त्याच चार मिनिटांत साक्षीदारांनी या जोडप्याला तिथे पाहिलेलं असतं. योगायोग? जन्मभर 8:12ची डबल फास्ट पकडलेल्या माणसाला हे पुस्तक जितकं कळेल तितकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. संशय कुणावर हे लवकरच कळतं, लपवाछपवी नाहीच, सगळी मजा तो आकडेमोडीचा किल्ला एकेक चिरा काढून पाडण्यात आहे.

काही लेखक तर ती 'खुनी' लिहिणारी पेन्सिल स्वतःच चालवतात. फ्रान्सिस आइल्सच्या 1931 सालच्या 'मॅलिस अफोरथॉट'मध्ये पहिल्याच वाक्यात कळतं की डॉक्टरने बायकोला मारायचं ठरवलेलं आहे. मिळालं तर वाचा, खवचट विनोद आहे, पण पुढे जाऊ.

केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', मूळ जपानी पुस्तक 2005 सालचं. 'जाने जान' हा 2023 सालचा हिंदी सिनेमा यावरून केलाय, तो बघितला असला तरी पुस्तक वाचा, माझी चाळणी आठवा. यासुको नावाच्या बाईच्या हातून सुरुवातीलाच जाच करणारा आधीचा नवरा मारला जातो, मुलगी मदतीला, आणि शेजारी राहणारा इशिगामी नावाचा गणिताचा मास्तर म्हणतो मी सांभाळतो. हा मास्तर तिला बघायला मिळावं म्हणून रोज तिच्या दुकानातून डबा घेणारा. खून कुणी केला हे आपल्याला माहीत, पोलिसांनाही साधारण अंदाज, तरी केस उभीच राहत नाही. मास्तर परीक्षेला गणितं काढतो ती कशी, तर दिसायला भूमितीचं, सोडवायला जावं तर बीजगणिताचं. हे वाक्य तुम्ही वाचता, मान डोलावता, पान उलटता. अहो, लेखकाने सगळं तुमच्या हातात दिलंय तिथे! मी दुसऱ्यांदा वाचताना तर पहिल्या प्रकरणात, जिथे तो नुसता घरून शाळेला चालत जातो, तिथेच पुस्तक मिटून पाच मिनिटं बसले. पहिल्या वेळी ती पानं मी वर्णन म्हणून भराभर उलटली होती.

आता जोसेफिन टे यांचं 'द डॉटर ऑफ टाइम', 1951. इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून हॉस्पिटलात पडलेला, कंटाळलेला, कुणीतरी आणून दिलेल्या चित्रांत त्याला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड दिसतो, तोच ज्याने म्हणे लहान पुतण्यांना लंडनच्या टॉवर किल्ल्यात मारलं. ग्रँटला तो चेहरा खुन्याचा वाटत नाही आणि खाटेवरूनच तो पाचशे वर्षांपूर्वीची केस उघडतो. बाहेरचा एक तरुण कागद शोधून आणतो, हा पडल्या पडल्या उलटतपासणी घेतो. रिचर्डचा इतिहास लिहिणाऱ्या ज्या थॉमस मोरच्या लिखाणावर सगळा भरवसा, तो रिचर्ड मेला तेव्हा सात-आठ वर्षांचं पोर. ऐकीव माहितीवर फाशी!

हे वाचताना मला आपली चिटणीस बखर आठवत राहिली. संभाजी महाराजांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली, आणि त्यांची बदफैली प्रतिमा पसरवण्यात तिचा मोठा वाटा, मग 1960 साली वा. सी. बेंद्रे यांचं कागदपत्रं तपासून लिहिलेलं चरित्र येतं आणि केस नव्याने उभी राहते. टे बाई मात्र वकिली करतात हे लक्षात ठेवून वाचा, सगळे इतिहासकार काही त्यांच्या बाजूने नाहीत. 2012 साली लेस्टरच्या एका कार पार्किंगखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, त्याला कुबडा म्हणायचे, तर पाठीचा कणा खरंच वाकडा होता. पुतण्यांबद्दल सांगाडा काय बोलणार.

वेळ होत आला, पण बंगाली डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी, त्याला सोडून मी खाली उतरणार नाही. दूरदर्शनवर रजित कपूर बघितलेले हात वर करा. बघा, अर्धा हॉल! पण त्याचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजच्या कामासाठी मुंबईला आले आणि 1952 पासून पुण्यात राहिले, हे किती जणांना माहितीये? म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्यांतला हा सत्यान्वेषी, म्हणजे सत्य शोधणारा, नंतर बराचसा आपल्या पुण्यात बसून लिहिला गेला. सुरुवात 'चिडियाखाना'पासून करा. एक निवृत्त जज, त्याची गुलाबांची कॉलनी, तिथे नाना तऱ्हेची पिचलेली माणसं, आणि कुणीतरी त्या जजला मोटारीचे सुटे भाग पाठवतंय. धमकीची चिठ्ठी नाही, रक्त नाही, भंगार. असं भंगार दाराशी येऊन पडलेलं बघून माणूस का घाबरेल, यावर दोन दिवस डोकं चालवा आणि मगच पुढे वाचा.

यातली चार पुस्तकं माझ्या पिशवीत आहेत, नाव-नंबर लिहून न्या, महिन्याने परत द्या. अ‍ॅक्रॉइडची माझी प्रत जुनी आहे, रद्दीवाल्याकडून घेतलेली, पण मी सगळी पानं तपासलीयत, गोल कुठेच नाही.