गटाचं कर्ज उचलताय? हप्ता कुठल्या वाफ्यातून जाणार ते आधी सांगा

नमस्कार ताईंनो. गेल्या दोन-तीन व्हिडिओंखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणी औशाकडून विचारतंय, कुणी जिंतूरकडून, कुणी केजकडून. "गट चालू आहे, बचत जमा आहे, बँकेनं कर्जही दिलं, तरी हातात पैसा का राहत नाही?" आज तेवढंच घेऊ.

बचत गट म्हणजे काय, हे पटकन उरकते, कारण ते तुम्हाला पाठ आहे. दहा ते वीस बायका. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि बैठकीतच लिहिलेलं रजिस्टर. ही पंचसूत्री सहा महिने नीट पाळली की बँक गटाची प्रतवारी करते आणि कर्जाचा रस्ता मोकळा होतो. दोन गोष्टी मात्र ठणकावून लक्षात ठेवा. गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही. आणि गटाच्या बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवायची नाही. "एवढे खात्यात राहू द्या, मग बघू" असं कुणी तोंडी म्हणालं, तर ते लेखी मागा. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, गटांना 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी कर्ज मिळतं, तेव्हा व्याज ही मुख्य अडचण नाही.

अडचण हप्त्यात आहे. पिकाची तारीख आणि हप्त्याची तारीख जुळत नाही, तिथं पैसा गळतो.

सोयाबीनचंच बघा. जूनमध्ये कर्ज उचललं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, म्हणजे जूनचा शेवट उजाडतो. पुढं वाणाप्रमाणे 95 ते 110 दिवस. मग काढणी, मळणी, वाळवण. माल ओला गेला तर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ओल धरून भाव कापतात. हातात पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, पडेपर्यंत ऑक्टोबर उलटतो. आणि हप्ता? तो जुलैपासून सुरू झालेला असतो! जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, हे चार हप्ते कशातून भरले? कुणी खुरपणीच्या मजुरीतून भरते, म्हणजे घरातलं तेल-मीठ थांबतं. कुणी फायनान्सवाल्याकडून दुसरं कर्ज घेते. सोयाबीनचे पैसे येतात तेव्हा ते त्या दुसऱ्या कर्जात जातात. पीक चांगलं येऊनही बाई रिकाम्या हातानं घरी.

म्हणून कर्ज मागणीच्या अर्जावर नुसतं "शेतीसाठी" लिहू नका. बैठकीत मोठ्यानं विचारा: ताई, तुझा ऑगस्टचा हप्ता कशातून येणार? उत्तर "बघू काहीतरी" असं आलं, तर त्या दिवशी ते कर्ज मंजूर करू नका.

आता हेच गटाच्या बाजूनं बघा, कारण इथं अनुभवी सचिवसुद्धा चुकतात. समजा गटात बारा जणी आहेत आणि बाराही जणींनी सोयाबीनसाठीच पैसे घेतले. ऑगस्टमध्ये एकीकडूनही पैसा येणार नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला भरायचाच आहे. तो थकला की खात्याला डाग लागतो आणि पुढचं मोठं कर्ज अडतं. त्यामुळं कारणं वाटून घ्या. चौघी-पाचजणी खरिपासाठी, बाकीच्या भाजीपाला, दूध, शिवणकाम, किराणा, असं काहीतरी ज्यात आठवड्याला पैसा फिरतो. गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेल्या कर्जाला हप्ता कसा ठेवायचा, हे तर गटानंच ठरवायचं असतं. इतिवृत्तात ठराव लिहा: पीक निघेपर्यंत फक्त व्याज, मुद्दल पट्टी आल्यावर. ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंचा हप्ता उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, मिळते त्या वेळेला ठेवा. ती कारखान्यावर असताना तिच्या दारात जाऊन उपयोग नाही.

"पण आमच्याकडं शेतीशिवाय काहीच नाही," असं बऱ्याच जणींनी लिहिलंय. बरोबर आहे. मग शेतातच हप्त्याची जागा काढा. पाच गुंठे पुरतात. सगळा एकर मोडू नका.

त्यातला एक गुंठा मेथीला. त्याचे चार वाफे करा आणि चारही एकदम पेरू नका. दर आठवड्याला एक वाफा. मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणजे पाचव्या आठवड्यात पहिला वाफा बाजारात जातो आणि तिथं लगेच कोथिंबीर किंवा शेपू पडतो. पूर्ण गुंठ्याला मेथीचं बी 250 ते 300 ग्रॅम लागतं, वाफ्याला सत्तर ग्रॅमच्या आसपास. सगळा गुंठा एका दिवशी पेरला की सगळी मेथी एका बाजारात न्यावी लागते. त्या दिवशी भाव पडला तर जुड्या तिथंच टाकून यायची वेळ येते, आणि पुढचे तीन आठवडे विकायला काही नसतं. दर आठवड्याला थोडं, हीच यातली मेख आहे.

दुसरा गुंठा कोथिंबिरीला. उगवण कमी होते अशी तक्रार सगळ्यात जास्त आलीय. अख्खे धने टाकता म्हणून होते तसं. धने हलक्या हातानं रगडून दोन फाकी करा, बारा तास भिजवा, सावलीत कोरडे करा, मग पेरा. पावसाळ्यात सपाट जमिनीवर दोन्ही भाज्या पाणी साचून पिवळ्या पडतात. आपल्या काळ्या रानात तर हमखास. वीतभर उंच गादीवाफे करा.

उरलेल्यात भेंडी आणि गवार, कडेनं दोडका आणि चवळी. भेंडी 45 ते 50 दिवसांत सुरू होते आणि मग दिवसाआड तोडावीच लागते. तोडा चुकला की भेंडी निबर होते, गिऱ्हाईक शेंडा मोडून बघतं आणि पुढं जातं. पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसायला लागली तर तो हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते, रोगट झाड औषधानं बरं होत नाही. पहिलं झाड दिसलं की उपटून पुरा, पिवळे चिकट सापळे लावा आणि निंबोळी अर्क फवारा. 1 किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळून 20 लिटरचा पंप भरायचा, त्यात 40 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा. फवारणी उन्हं उतरल्यावर. निंबोळ्या मे-जूनमध्ये गोळा करून सावलीत वाळवून ठेवा, दुकानातून बाटली आणायची गरज नाही.

आता तीच हप्त्याची गोष्ट पाण्याच्या बाजूनं. जूनमध्ये दहा हप्त्यांचं कर्ज घेतलं, तर शेवटचे हप्ते मार्च-एप्रिलमध्ये येतात, नेमकं तेव्हाच बोअर उचक्या द्यायला लागतं. भाजी दोन गुंठ्यांवर येते आणि हप्ता मात्र तेवढाच! हे आधीच माहीत असताना सगळे हप्ते सारखे का ठेवायचे? अंतर्गत कर्ज असेल तर दिवाळीच्या सुमारास मुद्दल जास्त फेडा आणि उन्हाळ्यातले हप्ते लहान ठेवा.

शेळीवाल्या ताईंनो, तुमचंही तसंच. उस्मानाबादी शेळी चांगली, जुळी करडं नेहमीची, पण गाभण काळ पाच महिन्यांचा. करडू विकण्याजोगं व्हायला त्यापुढं आठ-नऊ महिने लागतात. नुकतीच गाभण राहिलेली शेळी घेतली तर पहिला पैसा तेरा-चौदा महिन्यांनी दिसतो. पहिल्या वर्षाचा हप्ता शेळी देणार नाही, तो भाजीतून किंवा अंड्यांतून काढायचा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध, करडं तीन-चार महिन्यांची झाली की पीपीआर या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला पडू देऊ नका, पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्या. मेल्यावर बिल्ला नसेल तर दावा फेटाळतात.

एका ताईंनी विचारलंय, गट महिना 2 टक्के घेतो म्हणजे महागच ना? हिशोब कसा करता त्यावर आहे. 10,000 रुपये, दहा हप्ते, दर महिन्याला 1,000 मुद्दल. व्याज उरलेल्या मुद्दलावर धरलं तर पहिल्या महिन्याला 200, मग 180, मग 160, शेवटी 20. एकूण 1,100 रुपये. पण रजिस्टर लिहिणारीनं दर महिन्याला 200 च धरले तर 2,000 होतात. 900 रुपयांचा फरक! कर्ज खतावणीत "शिल्लक मुद्दल" हा रकाना दर बैठकीला भरला पाहिजे. तो कोरा दिसला तर तिथंच वही थांबवा.

आणि आता जे मनाला फार लागतं ते बोलते. कितीतरी जणी लिहितात, "आमच्या गटाचा माणूस दर मंगळवारी वसुलीला येतो." ताई, तो बचत गट नाही. ती मायक्रोफायनान्स कंपनी आहे, आणि तुम्हाला दहा जणींना तिनं एकमेकींची जामीन म्हणून बसवलंय. तिथं तुमची बचत नाही, दर तुम्ही ठरवत नाही आणि व्याज गावाबाहेर जातं. बचत गटात व्याज गटाच्याच निधीत पडतं आणि त्यावर तुमचा हक्क असतो. एकीचा हप्ता थकला म्हणून रात्री नऊपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवायचं, घरातली भांडी विकायला लावायची, हा छळ आहे, आणि तो "गटाच्या" नावावर खपतो याचा संताप येतो. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. दुसरं, तिसरं कर्ज द्यायला कुणी आलं तर हा नियम त्याच्यासमोर ठेवा.

"एका एकरात काय होतं?" या प्रश्नाला उत्तर आपल्याच भागात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या बायका घरं उभारायच्या कामात उतरल्या, गट बांधले. पुढं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत त्यांनी घरच्यांकडून एकेक एकर मागून घेतला आणि त्यात धान्य, डाळी, भाजीपाला असं मिश्र पीक सुरू केलं. 2016 मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

शेवटचा प्रश्न जमिनीचा. कष्ट तुमचे आणि सातबाऱ्यावर नाव फक्त मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं, मग पीककर्जही त्यांच्याच नावानं. लक्ष्मी मुक्ती योजनेत पती तलाठ्याकडं अर्ज करून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. अर्ज त्यांनी करायचा असतो, म्हणून आधी घरात बोला. अर्ज दिला की पोच घ्या, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवीन सातबारा काढून आपलं नाव स्वतः वाचून बघा.