निवडणूक सांडपाण्याची, यादी ज्युरींची

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, की पारावर सर्वांत आधी नालीचा विषय निघतो: कोणाच्या दारासमोर ती तुंबली, कोणाच्या वॉर्डात सिमेंटची झाली आणि कोणाच्या वॉर्डात कच्चीच राहिली. हाँगकाँग या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतली पहिलीवहिली निवडणूकही विधिमंडळाची नव्हती. ती सांडपाणी आणि मैल्याची व्यवस्था पाहणाऱ्या सॅनिटरी बोर्डाची होती. साल १८८८. वऱ्हाडात ग्रामीण मंडळांचा कायदा झाला तो १८८५ मध्ये, म्हणजे काळ एकच.

ऑस्बर्ट चॅडविक या अभियंत्याने १८८२ च्या अहवालात तिथल्या चिनी वस्तीची दैना मांडली होती. पाठीला पाठ लावून उभी घरे, एकाच मजल्यावर फळ्यांच्या आडोशाने पाडलेल्या अंधाऱ्या खोल्या, आणि धुराला, वाऱ्याला धड वाट नाही. त्यानंतर १८८३ मध्ये बोर्ड स्थापन झाले आणि पाच वर्षांनी त्यातल्या दोन जागा मतदानाने भरण्याचे ठरले. मतदार मात्र कर भरणारे आणि ज्युरींच्या, म्हणजे न्यायालयात खटल्याचा निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या, यादीत नाव असलेलेच. ज्युरी होण्यासाठी इंग्रजी येणे आवश्यक होते. ज्यांच्या चुलीशेजारून घाण वाहत होती, त्यांचे नाव त्या यादीत येणार तरी कसे?

बरे, बोर्डावरच्या चिनी सदस्याने या भाडेकरूंची बाजू घेतली असेल, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. डॉक्टर आणि बॅरिस्टर असलेल्या हो काई यांनी १८८७ च्या आरोग्य कायद्याला विरोध केला. घरांत मोकळी जागा सोडायला लावली तर भाडे वाढेल, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता, पण तो घरमालकांच्याही सोयीचा होता.

१८९४ मध्ये हाँगकाँगच्या ताइ पिंग शान या दाट वस्तीत प्लेगने थैमान घातले. १८९६ मध्ये तो मुंबईत दिसला आणि पुढे वऱ्हाडातही पोहोचला. गावे ओस पडली, लोक शेतात झोपड्या घालून राहिले. तिकडे हाँगकाँगमध्ये १९३६ मध्ये बोर्डाची अर्बन कौन्सिल (शहर परिषद) झाली, तेव्हाही निवडून येणारे सदस्य दोनच होते आणि त्यांचे मतदार ज्युरींच्या याद्यांमधूनच येत होते.