तरोटा : धुऱ्यावरची तीन आठवड्यांची भाजी

(दृश्य : पाऊस नुकताच उघडलेला आहे. काळ्या मातीच्या धुऱ्यावर दाट, कोवळी रोपे.)

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की विदर्भाच्या काळ्या मातीवर जी पहिली हिरवळ दिसते, ती पेरलेल्या पिकाची नसते. धुऱ्यावर, गोठ्यामागच्या उकिरड्याशी, पांदणीच्या दोन्ही कडांना तरोट्याची रोपे इतकी दाट उगवतात की त्यांना टाळून पाऊल टाकता येत नाही. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात यालाच टाकळा म्हणतात. संस्कृत वैद्यक ग्रंथांत तो चक्रमर्द आणि दद्रुघ्न या नावांनी येतो, तर वनस्पतिशास्त्रात आज त्याला सेना टोरा म्हणतात, जुन्या पुस्तकांत मात्र कॅसिया टोरा हे नाव सापडते. शेतकऱ्याच्या लेखी तो निंदणाच्या मजुरीत भर घालणारे तण आहे आणि त्याच घरातल्या स्वयंपाकघरात तो वर्षातली पहिली रानभाजी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

(दृश्य : तळहातावर ठेवलेले एक पान, शेजारी भुईमुगाचे पान.)

ओळख पानापासून करावी. भुईमुगाच्या एका पानाला चार दले असतात, तरोट्याच्या पूर्ण उमललेल्या पानाला सहा. ही सहा दले तीन जोड्यांत असतात, टोकाची जोडी सर्वांत मोठी असते आणि प्रत्येक दल देठाकडे निमुळते व टोकाकडे गोल असते. खालच्या जोड्यांच्या मधोमध, पानाच्या दांड्यावर, खिळ्याच्या टोकाएवढी बारीक ग्रंथी असते. ती पाहण्यासाठी पान डोळ्यांजवळ न्यावे लागते. पान चुरगाळले की उग्र वास येतो, आणि त्याच वासामुळे गुरे सहसा याला तोंड लावत नाहीत. संध्याकाळी हीच दले एकमेकांना चिकटून मिटतात, म्हणून दिवेलागणीनंतर तरोट्याचा ताटवा सकाळपेक्षा विरळ भासतो. भाद्रपदाच्या सुमारास पाच पाकळ्यांची पिवळी फुले येतात आणि त्यानंतर विळ्यासारख्या किंचित वाकलेल्या, सुतळीसारख्या बारीक आणि वीतभर लांब शेंगा लोंबू लागतात.

इतक्या बारकाईने पाहण्याचे कारण याच्या शेजारी उगवणारे दुसरे झुडूप आहे. कासविंदा त्याच कुळातला, त्याचीही फुले पिवळी आणि तोही उकिरड्याच्या कडेलाच वाढतो. परंतु त्याच्या पानाला चार ते सहा जोड्या असतात, दले टोकाला अणकुचीदार असतात, ग्रंथी दांड्याच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ असते आणि शेंगा चपट्या असून वरच्या दिशेने उभ्या राहतात. वैद्यकात कासविंद्यालाही स्थान आहे, पण त्याच्या कच्च्या बिया लहान मुलांसाठी घातक आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळ्यानंतर मुलांना होणारा एक जीवघेणा आजार अनेक वर्षे मेंदूज्वर समजला जात होता. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे संभाव्य कारण म्हणून कासविंद्याच्या बियांकडे बोट दाखवले. या विषबाधेत यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर आघात होतो. धुऱ्यावर खेळणाऱ्या मुलांना तरोट्याच्या आधी कासविंदा दाखवावा, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

(दृश्य : ओट्यात भाजी खुडून घेणारी बाई, केवळ हात आणि लुगड्याचा ओटा दिसतो.)

भाजीचा तरोटा म्हणजे वीतभर उंचीच्या आतला तरोटा. रोप उगवल्यापासून साधारण तीन आठवडे त्याची पाने कोवळी असतात. पुढे ती चिवट आणि कडवट होत जातात, आणि पोळ्याच्या सुमारास झुडूप कमरेला लागले की भाजीसाठी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. खुडताना रोप मुळासकट उपटू नये, शेंड्याची दोन-तीन पाने नखाने तोडावीत, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात आणि आठवड्याने पुन्हा खुडणी होते.

कुठून खुडावे, हा प्रश्न पूर्वी नव्हता, आता आहे. सोयाबीन आणि कापसाच्या वावरात तणनाशकाची फवारणी होते आणि वाऱ्याबरोबर ते धुऱ्यावरही येऊन पडते. फवारलेले रोप लगेच वाळत नाही, काही दिवस ते हिरवेच राहते, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. ज्या वावराचा मालक माहीत नाही आणि फवारणी कधी झाली हे विचारता येत नाही, तिथली भाजी सोडून द्यावी. रहदारीच्या डांबरी रस्त्यालगतचा तरोटाही, कितीही टवटवीत दिसला तरी, घेऊ नये.

(दृश्य : चुलीवर उकळणारे पाणी, बाजूला भिजवलेली चण्याची डाळ.)

घरी आणलेली पाने देठापासून वेगळी करून दोन-तीन पाण्यांत धुतात, कारण पावसाच्या थेंबांनी उडालेली माती पानांच्या खालच्या बाजूला चिकटलेली असते. मग उकळत्या पाण्यात ती थोडा वेळ शिजवून पाणी ओतून देतात आणि निवल्यावर हातांनी घट्ट पिळतात. कडवटपणा आणि उग्र वास या पाण्याबरोबर बराचसा निघून जातो. ही पायरी टाळलेली भाजी एकदा खाल्ली की माणूस तरोट्याचे नाव काढत नाही. कढईत तेल, भरपूर ठेचलेला लसूण, कांदा आणि लाल तिखट, त्यात दोन तास भिजवलेली चण्याची डाळ परतून अर्धी शिजू द्यायची आणि मग पिळलेली पाने मोकळी करून घालायची. वऱ्हाडात ही ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात, तर झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या बाजूला, भाताबरोबर. पहिल्यांदा खाणाऱ्याने वाटीभरावर थांबावे, कारण या पानांत सारक द्रव्ये असतात आणि जास्त खाल्ल्यास पोट मोकळे होण्याऐवजी बिघडते. गरोदर स्त्रियांनी ती टाळलेली बरी.

औषध म्हणून तरोट्याची खरी ख्याती बियांमुळे आहे. दद्रू म्हणजे गजकर्ण आणि दद्रुघ्न म्हणजे ते घालवणारा. नावातच उपयोग सांगितलेला आहे. बी आंबट ताकात रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायचे आणि तो लेप चट्ट्यावर लावायचा, ही रीत अजूनही घरोघरी ठाऊक आहे. बियांमध्ये क्रायसोफॅनॉलसारखी अँथ्राक्विनोन गटातील द्रव्ये असतात आणि बुरशीवर त्यांचा परिणाम होतो, त्यामुळे या रीतीला आधार नाही असे म्हणता येत नाही. तरीही चिरलेल्या किंवा ओल्या जखमेवर हा लेप लावू नये, आणि चट्टा पसरत असेल किंवा दुकानातून आणलेल्या मलमाने तो दबून पुन्हा उमटत असेल तर लेपात दिवस न घालवता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

(दृश्य : आठवडी बाजार, तराजूत ओतले जाणारे तपकिरी, चकचकीत बी.)

दिवाळीनंतर शेंगा तपकिरी झाल्या की कथा पानावरून बियांवर येते. पूर्व विदर्भातील अनेक कुटुंबे झुडपे कापून अंगणात वाळवतात, काठीने झोडपतात, सुपाने पाखडतात आणि बी आठवडी बाजारात विकतात. भाजून दळलेल्या या बियांचे पेय कॉफीसारखे लागते, आणि चीन व जपानमध्ये भाजलेल्या बियांचा काढा चहासारखा पितात. बियांच्या आतल्या भागापासून निघणारा डिंक युरोपात ई 427 या क्रमांकाने ओळखला जातो आणि कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्याला घट्टपणा आणण्यासाठी वापरला जातो. धुऱ्यावर बी वेचणाऱ्या बाईला मात्र हा प्रवास सहसा ठाऊक नसतो.

राहिला लागवडीचा प्रश्न. परसात वाफा करायचा असेल तर बियांचे टणक कवच आधी खरबरीत दगडावर वाळूसह घासावे किंवा बियांवर गरम पाणी ओतून ते रात्रभर भिजू द्यावे. एरवी ते थोडेथोडे, कधी दोन-तीन वर्षांनीही उगवत राहते आणि तण म्हणून त्याचा त्रास होतो तो याच गुणामुळे. गाजरगवताला दाबण्यासाठी मोकळ्या जागेवर तरोट्याचे बी फेकावे, असा सल्ला जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने दिलेला आहे आणि तो आमच्या मते गावठाणाच्या पडीक जागेसाठी चांगला आहे. शेंगा येणारे झाड म्हणून तरोटा जमिनीत नत्र साठवतो, अशी समजूत मात्र चुकीची आहे, कारण याच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. परसातल्या वाफ्यात बियांसाठी चार-पाच झुडपेच ठेवावीत, बाकीची फुलण्याआधी उपटावीत आणि ठेवलेल्यांच्या शेंगा तडकण्यापूर्वी, सकाळी दव असतानाच खुडून घ्याव्यात. ऊन चढल्यावर हात लागताच त्या फुटतात आणि बी वाफ्याबाहेर उडते.