७१० रुग्णच का?

[दृश्य : परळ, मुंबई. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेरची सकाळची गर्दी. हातात फाइली, सोबत नातेवाईक.]

जिभेच्या कडेला एक छोटा व्रण. बायोप्सीत कॅन्सर निघालाय, पण लवकर सापडलाय. मान चाचपून पाहिली तर हाताला काही लागत नाही.

अशा रुग्णाच्या तोंडातला कॅन्सर काढायचा, यावर सर्जनमध्ये कधीच दुमत नव्हतं. वाद होता तो मानेचा. तोंडाचा कॅन्सर पसरतो तो आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत. मग त्याच ऑपरेशनमध्ये त्या ग्रंथीही काढून टाकायच्या, की वाट पाहायची आणि गाठ आली तरच पुन्हा ऑपरेशन करायचं? काढाव्यात, तर बऱ्याच जणांच्या ग्रंथींत कॅन्सर नसतोच. त्यांच्या वाट्याला मोठं ऑपरेशन आणि खांद्याचं दुखणं उगाच येतं. थांबावं, तर काहींच्या बाबतीत उशीर होतो. हा वाद कित्येक दशकं चालला.

दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या नव्हत्या असं नाही. १९८९ साली याच हॉस्पिटलमधल्या सर्जननी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्ण होते ७०. फ्रान्समधल्या एका चाचणीत ७५, ब्राझीलमधल्या एका चाचणीत ६७. उत्तर काही ठाम मिळेना.

का मिळेना, ते कागदावर मांडून पाहू.

[दृश्य : कोरा कागद. हात आकडे लिहितो आहे.]

७० रुग्ण, दोन गट. एका गटात ३५. एका उपचाराने जगणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढतं, असं धरू. ३५ चे १० टक्के म्हणजे साडेतीन माणसं. तीन-चार माणसं इकडची तिकडे निव्वळ योगायोगानेही होतात. फरक खरा असला तरी एवढ्या लहान चाचणीत तो दिसणार कसा?

इथे जीवसांख्यिकीचं, म्हणजे वैद्यकीय संशोधनातल्या संख्याशास्त्राचं काम सुरू होतं, आणि ते पहिला रुग्ण यायच्या आधी सुरू होतं. सर्जनला विचारावं लागतं : वाट पाहिली तर पाच वर्षांनी किती जण हयात असतील असं वाटतं? त्यात किती भर पडली, तर तुम्ही तुमची पद्धत बदलाल? टाटाच्या नव्या चाचणीसाठी उत्तर ठरलं ते असं : ६० टक्के जगतील असं धरू, आणि १० टक्क्यांचा फरक शोधू. त्यावरून हिशेब निघाला ७१० रुग्णांचा. तोच फरक १० ऐवजी ५ टक्क्यांचा शोधायचा असता, तर रुग्ण जवळपास चौपट लागले असते. म्हणून या एका प्रश्नावर सर्जन आणि संख्याशास्त्रज्ञ तासन् तास बसतात. बसायलाच हवं. आकडा कमी धरला, तर शेकडो माणसांनी दिलेली संमती वाया जाते.

भरती २००४ मध्ये सुरू झाली. कोण कुठल्या गटात जाणार, हे सर्जनच्या हातात नव्हतं. ते त्यांच्या हाती ठेवलं, तर ज्याचा आजार जास्त वाटतो त्याच्या ग्रंथी काढायचा मोह कुणालाही होईल, आणि मग दोन गटांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून रँडमायझेशन, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी. तेही गाठीचा आकार, तोंडातली जागा, स्त्री की पुरुष, मानेची सोनोग्राफी हे सगळं पाहून, म्हणजे दोन्ही गट सारखे राहतील. आणि एकदा ज्या गटात नाव पडलं, त्याच गटात रुग्णाची गणना शेवटपर्यंत. पुढे उपचार बदलला, तरीसुद्धा.

[दृश्य : रेकॉर्ड रूम. एक फाइल उघडली जाते.]

आता ही नोंद बघा. रुग्ण दूरच्या गावचा. दोन वर्षं फॉलोअपला येत होता, नंतर आला नाही. त्याला जिवंत धरायचं, की गेला असं समजायचं? दोन्ही चूक. तो शेवटचा दिसला त्या तारखेपर्यंत जिवंत होता, एवढंच आपल्याला ठाऊक आहे, आणि तेवढंच हिशेबात घेतलं जातं. त्या दोन वर्षांचं मोल पूर्ण धरलं जातं. पण हे गणित चालायला तारीख खरी असावी लागते. रुग्णाच्या घरी फोन लावून, पत्रं पाठवून ती मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा या संशोधनात फार मोठा वाटा असतो.

चाचणी चालू असताना अधूनमधून आकडे पाहायचा मोह होतोच. पण दर वेळी ५ टक्के चुकीची मुभा ठेवून पाच वेळा पाहिलं, तर खोटा निष्कर्ष हाती लागण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. म्हणून कधी पाहायचं ते आधी ठरतं, आणि निकाल तोलते ती स्वतंत्र समिती. २०१४ मध्ये या समितीसमोर पहिल्या ५०० रुग्णांचे आकडे आले. ग्रंथी लगेच काढलेले २४५, वाट पाहिलेले २५५. पहिल्या गटात मृत्यू ५०, दुसऱ्यात ७९.

तीन वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के.

समितीने चाचणी थांबवायला सांगितलं. तोवर ५९६ जण दाखल झाले होते, ७१० व्हायचे होते. पण फरक इतका स्पष्ट असताना आणखी कुणाला वाट पाहणाऱ्या गटात टाकणं न्याय्य नव्हतं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ऑपरेशनचे दुष्परिणामही त्यात दिले आहेत : ६.६ टक्के विरुद्ध ३.६ टक्के. ८० मधून ६७.५ वजा केले की उरतात १२.५. म्हणजे आठ जणांच्या ग्रंथी वेळेवर काढल्या, की एक जीव वाचतो. ओपीडीत डॉक्टर रुग्णाला सांगू शकतील, असा हा आकडा आहे.

[दृश्य : लोणावळा. गोल टेबलाभोवती तरुण डॉक्टर, समोर लॅपटॉप.]

टाटा मेमोरियल सेंटर आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर केंद्रांचं जाळं) यांची संशोधनपद्धतीची कार्यशाळा २०१५ पासून इथे भरते आहे. नाव ‘क्रेडो’. तरुण डॉक्टर आपला प्रश्न घेऊन येतात, आणि त्याचा पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचा आराखडा लिहून परत जातात. प्रत्येक गटासोबत संख्याशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून बसलेला असतो. डेटा गोळा करून झाल्यावर ‘जरा पी-व्हॅल्यू काढून द्या’ (म्हणजे फरक योगायोगाचा असू शकतो का, ते तपासणारा आकडा) म्हणत त्याच्याकडे जाण्याची सवय अनेक ठिकाणी अजून आहे, आणि तोवर फार थोडं दुरुस्त करता येतं. इथे तो आधीच विचारतो : ‘किती फरक पडला, तर तुम्ही उपचार बदलाल?’