कसाव्याला चुना, पण किती?

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘आम्ल जमिनीत कसाव्याच्या उत्पादनवाढीसाठी चुन्याचा वापर’ असं छापलंय. कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. म्हणजे पुढचा अर्धा तास मी तुम्हाला चुना लावणार. (हशा) हसलात, बरं झालं. मागच्या सभेत याच वाक्याला फक्त माइकवाला हसला होता.

सामू, म्हणजे मातीचा पीएच, ५.५ च्या खाली उतरला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं आखूड, जाड, बोथट होतात, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. चुनखडीतलं कार्बोनेट आम्ल खातं, सामू चढतो, अॅल्युमिनियम पुन्हा साका होऊन खाली बसतं. इथवर वाद नाही. माझं भांडण आहे ते माती परीक्षणाच्या छापील कागदाशी. सामू ४.५ आला? चुना टाकून ६.५ वर आणा! अहो, पण शेतात काय आहे? घेवडा आहे की कसावा? त्या कागदाला त्याचा पत्ताच नसतो.

आणि ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून एवढ्या पोटतिडकीने सांगतोय. नोकरीला नवा होतो. प्रयोगाच्या शेतात चुन्याची गाडी आली आणि गडीमाणसांनी सगळा ढीग एका कोपऱ्यात ओतला. वरून मी ‘हात सैल सोडा रे’ म्हणून बजावलेलं. चुना पसरला, कोपऱ्यातला उरलासुरला फावड्याने खरवडला, लागवड झाली. तीन महिन्यांनी पाहतो तर ढिगाच्या जागेवरची रोपं गुडघ्याएवढी, आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांवर शिरांच्या मधोमध पांढुरके पट्टे. मी छातीठोकपणे सांगितलं, विषाणू! रोपं उपटून जाळायला लावली. साहेबांनीही मान डोलावली. त्यांचं नाव सांगत नाही, माणूस सज्जन होता. दुसऱ्या वर्षी त्याच जागेवर तेच पट्टे. तेव्हा एका म्हाताऱ्या मुकादमाने विचारलं, “साहेब, हा रोग बरोबर चुन्याच्या ढिगाएवढाच गोल कसा हो?” (हशा) रोग नव्हताच तो. जस्ताची कमतरता होती. चुन्याने सामू वर नेला, मातीतलं जस्त अडकून बसलं, आणि त्या बाबतीत कसावा फार हळवा.

हे काही आमच्याच शेतात घडलं असं नाही. १९७० च्या दशकात कोलंबियाच्या पूर्वेकडच्या गवताळ पठारावर, कारिमाग्वाला, ‘सियात’ या उष्णकटिबंधीय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने निरनिराळी पिकं चुन्याच्या चढत्या मात्रांवर लावून पाहिली. तिथल्या मातीत अॅल्युमिनियमची संपृक्तता, म्हणजे मातीच्या कणांनी धरलेल्या मूलद्रव्यांत त्याचा वाटा, ८० टक्क्यांच्या वर. घेवडा, मका चुन्याशिवाय उभेच राहिनात. कसाव्याचं हेक्टरी अर्ध्या टनावर बरंच भागलं, आणि ६ टनांवर तो उलट खाली आला, जस्तामुळेच. तो अर्धा टन अॅल्युमिनियमचा बंदोबस्त करायला फार थोडा आहे. मग काम कशाने झालं? मुख्यतः कॅल्शियमने, आणि चुना डोलोमाइटचा, म्हणजे मॅग्नेशियमवाल्या चुनखडीचा, असेल तर मॅग्नेशियमनेही. म्हणजे चुना इथे खत म्हणून लागू पडतो. त्याने जमीन ‘बरी’ करायला निघालात की...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि मुख्य विषय, म्हणजे मात्रा, अजून राहिलाच आहे. तेव्हा पळतो.

१९७० साली कॅम्प्रथ या अमेरिकी मृदाशास्त्रज्ञांनी मांडलेला हिशोब असा: १०० ग्रॅम मातीत विनिमयक्षम (कणांना सैल चिकटलेलं) अॅल्युमिनियम जितके मिली-इक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेच्या अहवालातलं माप), त्याच्या दीडपट टन चुनखडी दर हेक्टरी, वरच्या १५ सेंटिमीटर थराला. हा हिशोब अॅल्युमिनियमला घाबरणाऱ्या पिकांचा. कसावा ८० टक्क्यांपर्यंतची संपृक्तता सोसतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अर्धा ते दोन टनांत भागतं. सामू नुसता पाहू नका, अॅल्युमिनियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजून घ्या.

पूड बारीक हवी, खडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. लागवडीआधी काही आठवडे मातीत नीट मिसळा. युरिया किंवा अमोनियाच्या खताबरोबर एकत्र टाकू नका, नत्र हवेत उडून जातं. जिप्सम कॅल्शियम देतं, सामू वाढवत नाही. दुकानदार काहीही म्हणो. कंदांबरोबर पालाश (पोटॅश) भरमसाट निघून जातो, तो परत दिला नाही तर चुना एकटा काय करणार? स्फुरदाचं (फॉस्फरसचं) मात्र मुळांवरची मायकोरायझा बुरशी पुष्कळसं निभावून नेते. त्यावर खरं तर वेगळा तास हवा.

आणि जस्त. लागवडीपूर्वी बेण्याच्या कांड्या २ ते ४ टक्के झिंक सल्फेटच्या द्रावणात १५ मिनिटं बुडवा. आमच्या त्या गोल जागेवर पुढच्या वर्षी हेच केलं. मुकादम बादलीशी बसला होता, हातात घड्याळ घेऊन. घड्याळ माझं होतं.

उठतो, उठतो, अध्यक्षमहाराज.