आधी चाकं मोजा, टनांचं नंतर बघू

एक काम करा. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकचा फोटो काढा आणि चाकं मोजा. पुढे दोन, ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या दोन ॲक्सलवर (ॲक्सल म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारी आडवी आस) आठ, ट्रेलरखाली आणखी आठ. झाली अठरा. आता युरोपातला नेहमीचा ट्रक: दोन, चार आणि ट्रेलरच्या तीन ॲक्सलवर रुंद सिंगल टायर, म्हणजे सहा. एकूण बारा! ॲक्सल मात्र दोघांनाही पाचच.

आणि वजन जास्त कोण नेतं? बारावाला. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांवर साधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे ३६.३ टन. युरोपीय संघात ४० टन. फिनलंडमध्ये तर २०१३पासून ७६ टन!

"तिथले रस्ते काय लोखंडाचे आहेत?" अहो, ७६ टनांना नऊ ॲक्सल लागतात. भागाकार करा, ॲक्सलमागे साडेआठ टनांच्या आतच येतं. युरोपचे ४० भागिले पाच, आठ. झालं की जवळपास सारखं!

रस्त्याला ट्रकचं एकूण वजन कळतच नाही, कळतो तो एकेका ॲक्सलचा भार. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले. त्यातून निघालेला ठोकताळा असा: रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. युरोपात इंजिनाच्या जोराने फिरणाऱ्या ॲक्सलला ११.५ टन चालतात, अमेरिकेत एकट्या ॲक्सलला ९.०७. भार सव्वापट, झीज अडीचपट! भारताने २०१८मध्ये चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२वरून ११.५ टन केली. घाला चौथा घात, उत्तर दीडपटीच्या वर जातं. त्या बातमीत मालवाहतूकदारांचा फायदा सगळ्यांनी सांगितला, हे गणित फारसं कोणी सांगितलं नाही.

आता पूल. पुलाला ॲक्सल एकमेकांच्या किती जवळ आहेत तेही सोसावं लागतं. म्हणून १९७४ साली अमेरिकेने ८०,००० पौंडांना मोकळीक देताना पुलाचं सूत्रही सोबत बांधलं: ॲक्सल किती आणि त्यांच्यात अंतर किती, त्यावर वजन.

तिथला ड्रायव्हर वजनकाट्यावर काय करतो बघा. इंजिनाकडच्या ॲक्सलच्या जोडीवर भार जास्त निघाला, तर खाली उतरून ट्रेलरचा दांडा ओढतो, ट्रेलरची चाकं सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या पिना सुटतात. ट्रेलरचे ब्रेक दाबलेलेच ठेवून गाडी हळूच मागे घेतो. ट्रेलरची चाकं जागच्या जागी, वरचा सांगाडा सरकतो. पिना पुढच्या भोकांत खट्कन बसल्या की पुन्हा काट्यावर. माल तेवढाच, एक खोकंही उतरवलेलं नसतं, थोडा भार फक्त ट्रेलरच्या चाकांवर गेलेला असतो, आणि गाडी पास!